मार्फत

पत्रपेटी उघडली तर सगळ्यात वर माझंच नाव होतं, आणि तेही पाठवणाऱ्याच्या जागी. मला आलेलं पत्र मीच पाठवलेलं होतं. आधी वाटलं, चष्म्यावर वाफ धरली आहे. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. नाव तसंच. रोमन अक्षरांत नईम शेख, आणि खाली तो मजकूर, जो मी परवा याच खुर्चीवर बसून, एकेक अक्षर शोधत, एका बाईसाठी लिहिला होता. शेवटची ओळही जशीच्या तशी होती: हे फक्त तुमच्यापाशी ठेवावे. शेजारच्या प्लायवुडच्या खोक्यात कुणीतरी हसलं. त्याला माझ्यावर हसायचं काही कारण नव्हतं. तिथे कॉलेजची दोन मुलं क्रिकेटचे फोटो पाहत होती. तरी मी माझ्या खोक्याचा पडदा ओढून घेतला. मग वाटलं, ओढलेला पडदा जास्त डोळ्यांत भरतो, म्हणून अर्धा उघडला. माझ्या हातून होणारी साधी गोष्टही मला आधी दुसऱ्याच्या डोळ्यांनी दिसते, आणि तो दुसरा कधीच भला माणूस नसतो.

हे दोन हजार तीन सालचं, दिवाळीनंतरचं. जटपुरा गेटच्या आतल्या बाजूला, एका शिंप्याच्या दुकानावर शगुफ्ताचं सायबर कॅफे होतं. शगुफ्ताचे वडील माझे शेजारी, म्हणून ती मला चचा म्हणायची आणि दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना, खिडकीजवळचं यंत्र माझ्यासाठी ठेवायची. उभा जन्म मी भद्रावतीच्या कॉलनीतल्या वाचनालयात काढला. पुस्तकं द्यायची, घ्यायची, फाटलेली चिकटवायची. निवृत्त होऊन चंद्रपूरला आलो तेव्हा बोलायला कुणी नव्हतं, आणि असतं तरी मी बोललो नसतो. मग कुणीतरी सांगितलं की नागपूरच्या दीपिका मेश्राम नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी एक मेलिंग लिस्ट काढली आहे, 'झाडपाला' नावाची. लिस्ट म्हणजे एक पत्ता. त्या पत्त्यावर एक पत्र टाकलं की त्याच्या प्रती सगळ्या सभासदांच्या पेट्यांत जातात. आमच्या दोन जिल्ह्यांतल्या जंगलातली झाडं, वेली, त्यांची गावोगावची नावं, असा तिथला विषय. माणसांसमोर तोंड न उघडणाऱ्या माझ्यासारख्याला ही सोय फार मानवली. तीनशेच्या वर माणसं, आणि एकाचाही चेहरा नाही. चेहरे नाहीत म्हणून मी त्यांना चांगले चेहरे दिले होते. आता ते सगळे चेहरे एकदम माझ्याकडे वळून पाहायला लागले.

पत्रात होतं ते असं. काळी हळद कुठे शिल्लक आहे ते मी लिहिलं होतं. गावाचं नाव, गावामागचा नाला, नाल्यात एकमेकांना टेकलेले दोन मोठे दगड, दगडांच्या उजव्या हाताला उतार. काळ्या हळदीचं पान साध्या हळदीसारखंच, फक्त मधून एक जांभळट काळी रेघ जाते. कंद चिरला की आत निळा रंग, आणि कापरासारखा वास, जो नाकात नाही, टाळूला जाऊन बसतो. औषधवाले तिच्या मागे असतात, पण त्यांच्याहून जास्त ते लोक, ज्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की काळी हळद तिजोरीत ठेवली की तिजोरी भरते. असे लोक एकदा येऊन गेले की उतारावर फक्त खड्डे राहतात. त्याच गावच्या, गोंडपिपरीच्या बाजारात आवळे विकणाऱ्या बुधरीने मला ती जागा दाखवली तेव्हा विळ्याने एक कंद चिरून माझ्या तळहातावर ठेवला होता. निळ्या डागाचा हात घेऊन मी घरी आलो आणि कनीजनं, माझ्या बायकोनं, तो डाग शाईचा समजून मला साबण दिला. बुधरी म्हणाली होती, "भाऊ, कोनाले सांगू नको. लेकराच्या पोटात दुखलं, कोनी पडलं-झडलं, तं आमी इथूनच नेतो. तेवढ्यापुरतीच हाये." मी मान हलवली होती. मान हलवणं हे मला फार सोपं जातं.

"काय चचा, लाइन गेली का?" शगुफ्ताने पडद्यातून डोकं आत घातलं.

"नाही. परवा मी लिहीत होतो तेव्हा माझ्या मागे कुणी उभं होतं का?"

"तुमच्या मागे भिंत आहे."

"म्हणजे तसं नव्हे. तू तिकडून, काउंटरवरून, आमच्या यंत्रांवरचं पाहू शकतेस का? असं म्हणतात की मालकाला दिसतं."

शगुफ्ताच्या दातांत हेअरपिन होती, ती तिने काढून केसांत खोचली. "चचा, मला माझं वीजबिल पाहायला वेळ नाही. काय झालं ते सांगा." मी सांगितलं, पण हळदीचं नाव घेतलं नाही, एक खाजगी पत्र होतं एवढंच. बोलताना मी तिच्या चेहऱ्यावर शोधत होतो, की हिला आधीच माहीत आहे का. तिने खुर्ची ओढली आणि म्हणाली, "कुणी फोडलं हे पाहायचं ना? पत्राचा माथा उघडू." आणि तिने कुठेतरी एक टिचकी मारली. एरवी माथ्यावर चारच ओळी दिसतात. आता पंधरा-वीस ओळी भराभर खाली उतरल्या, भिंतीचा पोपडा पडून आतल्या विटा दिसाव्यात तशा. कुठून निघालं, कोणकोणत्या ठिकाणी थांबलं, कुणी कुणाला दिलं. मधे 'फ्रॉम'च्या ओळीत मी. 'टू'च्या ओळीत, दीपिकाबाईंचा पत्ता असायला हवा तिथे, लिस्टचा पत्ता. शगुफ्ता म्हणाली, "चचा, हे कुणी फोडलं नाही. हे तुम्हीच लिस्टला पाठवलं."

मी म्हणालो, शक्य नाही. मी लिस्टवर एका कंदाचा नुसता उल्लेख केला होता, त्यावर दीपिकाबाईंनी तिथेच विचारलं होतं, नईमभाऊ, जागा मला एकटीला कळवाल का, अभ्यासासाठी हवी आहे. मी त्यांचं पत्र उघडून उत्तर द्यायचं बटण दाबलं आणि लिहिलं. त्यांच्या पत्राला दिलेलं उत्तर त्यांनाच जाणार. शगुफ्ताने दीपिकाबाईंचं मूळ पत्र काढून त्याचाही माथा उघडला. 'फ्रॉम' दीपिका. आणि चार ओळी खाली 'रिप्लाय-टू', म्हणजे उत्तर कुणाला द्यावं ते सांगणारी ओळ. तिच्यात लिस्टचा पत्ता. "ही ओळ बाईंनी लिहिलेली नाही," शगुफ्ता म्हणाली. "ही लिस्टच्या यंत्राने मधे घातली. तुम्ही बटण दाबलं तर ते हीच ओळ वाचतं. वर पत्ता दिसत होता ना, पाहिला नाही का?" मी पाहिला नव्हता. लिफाफ्यावर पत्ता आपोआप येतो म्हटल्यावर तो वाचतो कोण. ती उठून काउंटरवर गेली, आणि जाताना पडदा तिने पूर्ण ओढून दिला. तो मायेनं ओढला की मला लपवायला, हे मला कळलं नाही.

म्हणजे कुणीतरी दुसऱ्याच्या पत्रावर, पत्र वाटेत असताना, एक ओळ लिहिली होती. मला आधी त्या यंत्राचा राग आला, मग दीपिकाबाईंचा. त्यांनी मुद्दाम केलं असेल का? जागा सगळ्यांसमोर फुटली की त्यांच्यावर आळ नाही, अभ्यासही होतो. पायऱ्या उतरताना हा विचार मला पटलासुद्धा होता. खाली शिंप्याच्या मशीनचा आवाज येत होता आणि त्या खडखडाटातच, शेवटच्या पायरीवर, मला आठवलं की ही ओळ घालावी की नाही यावर लिस्टवर महिनाभर वाद झाला होता, आणि त्या वादात सगळ्यात जास्त वाखाणलं गेलेलं पत्र माझं होतं.

वाद असा होता. लिस्टवर लोक प्रश्न सगळ्यांसमोर विचारायचे आणि उत्तरं विचारणाऱ्याला एकट्याला जायची. बाकीचे ताटकळत राहायचे. म्हणून काहींचं म्हणणं होतं की उत्तर आपोआप लिस्टलाच जावं. हैदराबादला कॉम्प्युटरचं काम करणारा सरफराज नावाचा एक मूळचा चंद्रपूरचा माणूस या विरुद्ध होता. त्याने लांबच लांब लिहिलं होतं. उत्तराची ओळ ही पत्र लिहिणाऱ्याची आहे, वाहून नेणाऱ्याने तिच्यावर हात चालवू नये. लिस्टसाठी ई-मेलच्या नियमांत वेगळी ओळ आहे, लिस्टने आपला पत्ता तिथे लिहावा. पत्रं वाचायच्या प्रोग्रॅमनी ती ओळ ओळखून दोन बटणं दाखवावीत, एक लिहिणाऱ्यासाठी, एक सगळ्यांसाठी. दुसरं बटण आज कुठे दिसत नाही हा प्रोग्रॅमवाल्यांचा आळस आहे, त्याची शिक्षा लिहिणाऱ्याच्या ओळीला का? मला ते वाचून वाटलं होतं, हा माणूस आपली हुशारी दाखवतो आहे. त्याच्या मराठीत चुका होत्या आणि त्या मला, खोटं कशाला बोलू, बऱ्या वाटल्या. आणि मी, लिस्टवर आजवर झाडांच्या नावापलीकडे एक शब्द न लिहिलेला, त्या दुपारी लिहायला बसलो. अब्बांविषयी लिहिलं.

अब्बा कलईवाले. गोंडपिपरीच्या आठवडी बाजारात, चिंचेखाली, त्यांची भट्टी लागायची. तेव्हा जंगलातल्या गावांना टपाल पोचेलच असं नव्हतं, म्हणून तिथली माणसं आपला पत्ता अब्बांचा द्यायची. अमुक, मार्फत कलईवाले, गोंडपिपरी. कुणाचा भाऊ कोळशाच्या खाणीत, कुणाची बहीण नदीपलीकडे. बाजाराच्या दिवशी माणूस यायचा, उकिडवा बसायचा, अब्बा नवसागराच्या धुरातून पत्र काढायचे, भात्याच्या आवाजावर आवाज चढवून वाचायचे. आजूबाजूला आवळे, मोह, टोपल्या घेऊन बसलेली सारी माणसं ऐकायची. मग तो माणूस उत्तर सांगायचा आणि ते अब्बाच लिहायचे. मी लिस्टवर लिहिलं की आमच्या मुलखात पत्राचं उत्तर ज्या हाताने पत्र आणलं त्याच हातात द्यायची रीत आहे. ज्या हाताने आणलं तो हात साऱ्या बाजाराचा आहे. म्हणून उत्तर लिस्टलाच जावं. लोकांनी फार कौतुक केलं. एका बाईंनी लिहिलं की डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर दीपिकाबाईंचं पत्र आलं होतं, ज्याचा पहिला परिच्छेद माझ्याविषयी होता. तो मी किती वेळा वाचला ते मलाच माहीत. दुसरा परिच्छेद मी वाचलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी शगुफ्ताकडे जाऊन वाचला. त्यात होतं: नईमभाऊंच्या पत्रानंतर बहुतेकांचं एकमत झाल्याने आजपासून उत्तरं आपोआप लिस्टला जातील, कृपया लक्षात ठेवावं.

घरी कनीजला सांगितलं. ती भाजी निवडत होती. आम्ही घरात हिंदीत बोलतो, पण कनीज गोंडपिपरीची आहे आणि वैतागली की तिच्या तोंडी तिथलीच भाषा येते. "मंग आता काऊन तोंड पाडून बसले? माफी मागा अन् मोकळे व्हा."

"कुणाची माफी? लिस्टची की बुधरीची?"

"जिची हळद हाये तिची. लिस्टची काय माफी मागता, लिस्टले काय पोट दुखते?"

"तिला सांगितलं तर ती पुन्हा बोलणार नाही."

"अन् नाई सांगतलं तं लई बोलून रायली होती जशी," कनीज म्हणाली आणि देठं एका बाजूला लोटली. "खड्डे पडल्यावर तिले कळनच."

मी तीन दिवस काहीच केलं नाही. तिकडे पानं वाळत होती. पानं वाळली की कंद भरलेले असतात, तेच खणायचे दिवस. लिस्टवर माझ्या पत्राबद्दल कुणी एक अक्षर लिहिलं नाही आणि त्या शांततेने मला जेवण गोड लागेना. एरवी कुणी साध्या तुळशीचं नाव काढलं तरी दहा उत्तरं येतात. हे सगळे गप्प का? जो गप्प आहे तो काय करतो आहे? सभासदांची नावं मी एकदा वाचून काढली. काही नावं नावंच नव्हती, आकडे होते. काहींनी दोन वर्षांत एकदाही लिहिलेलं नव्हतं. नुसते वाचत होते. अब्बांविषयी लिहीपर्यंत मीही जवळजवळ तसाच होतो आणि तेव्हा ते मला सभ्यपणाचं वाटलं होतं. मग सुटी पत्रं यायला लागली, लिस्टवर नाही, मला एकट्याला. एकाने विचारलं, दगड कोणत्या बाजूने जवळ पडतील, गाडी कुठवर जाते. एकाने नुसतं लिहिलं, आपण चंद्रपुरात कुठे राहता, भेटू. भाजीबाजारात कुणी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं तर मी पिशवी दुसऱ्या हातात घेऊ लागलो, जशी हळद त्या पिशवीतच आहे. दीपिकाबाईंचंही पत्र आलं. जुन्या पत्रांच्या साठ्यातून त्यांनी माझं पत्र काढून टाकलं होतं. पेट्यांत गेलेल्या प्रती मात्र परत घेता येत नाहीत, फार वाईट वाटतं. वाईट वाटतं, हे वाक्य मी उलटसुलट करून पाहिलं. कुणाबद्दल वाईट वाटतं ते त्यात नव्हतं.

त्या दिवशी यंत्रासमोर बसून मी सरफराजचं पत्र परत काढलं. त्यात एक वाक्य होतं जे मी तेव्हा ओलांडून गेलो होतो. वाहणाऱ्याने आधी विचारावं, त्याने लिहिलं होतं. दोन बटणं म्हणजे दुसरं काही नाही, ते विचारणं आहे. आणि मी तिथे बसलो असताना, माझी काही इच्छा नसताना, अब्बांचा आवाज ऐकू आला. पत्र हातात घेतल्यावर, उलगडायच्या आधी, ते दर वेळी म्हणायचे, "कोनाले आयकवू? तुले, का साऱ्यायले?" दर वेळी. समोरचा माणूस म्हणाला साऱ्यायले, तर ते तिथेच वाचायचे. म्हणाला मले, तर हात पुसून उठायचे, आणि दोघं बैलगाडीच्या मागे जायचे. भाता मग थांबायचा आणि मला कंटाळा यायचा. बुधरीचा बाप वारलू नेहमी गाडीमागे जायचा. मला ती पत्रं आठवत नव्हती, कारण मी ती ऐकलीच नव्हती. जी ऐकली तेवढीच आठवली, आणि त्यावरून मी साऱ्या मुलखाची रीत लिहून मोकळा झालो. गाडीमागच्या पत्रांना माझ्या आठवणीत जागा नव्हती, म्हणून माझ्या नियमातही नव्हती. हे मी आता लिस्टवर लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. लिहिलं असतं तर कौतुक केलेल्यांना मी फसवलं असा अर्थ झाला असता. मी दुसरंच काही केलं.

मी लिहिलं, मंडळी, माझ्या पत्रात चूक झाली आहे. काळी हळद मी लिहिलेल्या गावी नसून येरमगट्ट्याच्या मागच्या नाल्यात आहे. वयोमानाने गावांच्या नावांचा घोटाळा झाला, क्षमस्व. येरमगट्टा मी वाचनालयातून जुना म्हणून रद्द केलेल्या एका नकाशातून घेतला होता. नदीपलीकडे, गडचिरोली जिल्ह्यात, टेकड्यांच्या मधे ठिपका आणि बारीक अक्षरांत नाव. मी तिथे कधी गेलो नव्हतो. बटण दाबायच्या आधी या वेळी पत्ता वाचला. लिस्टचाच होता, आणि आता तो तसाच हवा होता. आयुष्यात पहिल्यांदा मी साऱ्या बाजारात मुद्दाम बोललो, आणि ते खोटं बोललो. पत्र गेलं आणि क्षणभरात परत माझ्याच पेटीत आलं, पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव लावून. यंत्राला दोन्ही नईम सारखेच होते.

संध्याकाळी पुन्हा गेलो तर दीपिकाबाईंचं पत्र होतं, एकच ओळ: नईमभाऊ, आधीचं खरं की आत्ताचं? मी त्या पत्राचा माथा उघडून पाहिला. या वेळी मधे कुणी काही लिहिलेलं नव्हतं, उत्तर त्यांनाच गेलं असतं. त्यांनी तसं मुद्दाम सरळ पाठवलं होतं. पण मला ते सरळ वाटेना. आधीचं खरं म्हटलं तर जागा परत फुटते. आत्ताचं खरं म्हटलं तर बाईंना खोटं. आणि मनात आलं की हाच प्रश्न, लिस्टवरच्या एकेका चेहरा नसलेल्या माणसाने, न लिहिता, मला विचारला असेल. इतके दिवस मी त्यांच्यावर संशय घेत होतो. आता त्यांना माझ्यावर घ्यायला कारण मिळालं. उत्तर न देता पेटी बंद केली. शगुफ्ता काउंटरवरून म्हणाली, "चचा, चहा?" मी नको म्हणालो, आणि उतरताना वाटलं, नको म्हणण्याचा तिने काय अर्थ घेतला असेल.

बाजाराच्या दिवशी सकाळच्या बसने गोंडपिपरीला गेलो. कनीजने डबा दिला आणि म्हणाली, "जीभ घेऊन जा संगं. नाईतं मान हालवून याल." बसमध्ये मी ज्याच्या त्याच्या पायाशी पाहत होतो. एकाच्या पोत्यातून लोखंडी टोक दिसत होतं. तो मधेच एका शेताशी उतरला आणि कुंपण घालणाऱ्या माणसांत जाऊन मिसळला. मला लाज वाटली, पण सुटल्यासारखं वाटलं नाही.

चिंच अजून आहे. तिच्याखाली आता प्लास्टिकच्या बादल्यावाला बसतो. बुधरी पलीकडे, ओळीच्या टोकाला, आवळे आणि हिरडे घेऊन बसली होती. मला पाहून तिने पोतं जरा सरकवलं, म्हणजे बस. मी उकिडवा बसलो. कसं सांगावं याची वाक्यं मी वाटेत घडवली होती, ती एकही आली नाही.

"बुधरीबाई, ते जागा माझ्या हातून फुटली."

"कोनती?"

"हळदीची."

तिने आवळ्यांचा वाटा रचला, त्यातला एक डागी काढून मागे टाकला. "कोनाले सांगतली?"

"नागपूरच्या एका बाईले. अभ्यासाले पाह्यजे होती तिले. पन कॉम्प्युटरनं ते सगळ्यायले धाडलं. तीनशे लोकं हायेत, जास्तच." मग मी तिला ओळ, बटण, मधे घातलेला पत्ता, असं काहीबाही सांगू लागलो, आणि ती ऐकते आहे असं वाटलं म्हणून सांगतच राहिलो.

"थांब," बुधरी म्हणाली. "त्या बाईले तूनंच सांगतली ना? का तेबी मशीननंच?"

"मीच."

"मंग तीनशेचं काय घेऊन बसला, भाऊ. मी तुले एकट्याले सांगतली होती."

एक गिऱ्हाईक आलं, आवळे चाखून, नाक मुरडून गेलं. बुधरीने त्याच्या पाठीला हळू आवाजात काहीतरी गोंडीत ऐकवलं आणि शेजारची बाई हसली. मला वाटलं, ते मलाच होतं. मग बुधरी माझ्याकडे वळली आणि कामाचं बोलावं तशी म्हणाली, "आज दिवस बुडाच्या आत जातो अन् पानं कापून टाकतो. वरून पालापाचोळा लोटला का पावसापर्यंत कोनाच्या बापाले दिसत नाई. दगड पायतीन अन् घरी जातीन." इतकं सोपं होतं ते. मी आठवडाभर तिला न सांगता जे जपत होतो ते ती एका विळ्याने करणार होती. मला हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणात मी, तिला बरं वाटावं म्हणून, तेही सांगून टाकलं.

"तिकडे आता तसंबी कोनी येनार नाई. मी मंग दुसऱ्या गावाचं नाव सांगतलं सगळ्यायले. येरमगट्टा. लोकं तिकडे जातीन."

बुधरीचा हात वाट्यावरच थांबला. "पायलं हायेस का तू ते गाव?"

"नाई. नकाशात हाये."

"कोन रायते तिथी?"

"मले मालूम नाई. कोनी नसनबी. जुना नकाशा हाये."

"नाव हाये तं कोनी ठेवलंच असन ना," ती म्हणाली. रागाने नाही. तिला ते खरंच माझ्याकडून जाणून घ्यायचं होतं, की नाव कुणी ठेवलं, त्यांचा नाला कसा आहे, त्या नाल्यात त्यांचं काय आहे. माझ्याकडे त्यातलं काहीच नव्हतं. माझ्याकडे ठिपका होता. मी उठलो. तिने मूठभर आवळे कागदात बांधून दिले, आणि ते माझ्या हातात देताना म्हणाली, "मी पानं कापतो, पन तू आता तिकडे नको येऊ." मी मान हलवली. मग कनीजची आठवण होऊन तोंडाने म्हणालो, "नाई येत." ती तोवर दुसऱ्या गिऱ्हाईकाला हिरडा दाखवत होती.

बसस्टँडवर चंद्रपूरची बस उभी होती. तिच्या शेजारी नदीपलीकडे, आष्टीकडे जाणारी. चंद्रपूरच्या बसमध्ये खिडकीची जागाही होती. मी आत चढून बसलोसुद्धा. तेवढ्यात शेजारच्या बसच्या दारात दोन माणसं कंडक्टरला विचारताना ऐकू आलं, येरमगट्ट्याचा फाटा कुठे येतो. शहरी बूट, डोक्याला रुमाल. एकाच्या हातात गोणपाटात गुंडाळलेलं लांब काहीतरी. ते बांबूच्या कामावरचे असतील. मोजणीवाले असतील. कुणाच्या घरी लग्नाला निघालेले असतील आणि गोणपाटात छत्र्या असतील. आठवडाभर मी ज्याला त्याला खणणारा समजत आलो होतो आणि एकदाही बरोबर ठरलो नव्हतो. पण त्या गावाचं नाव आज कुणाच्या तोंडात आलं होतं, आणि ते कुणी घातलं असू शकतं हे त्या स्टँडवर मला एकट्याला माहीत होतं. मी उतरलो आणि त्या दुसऱ्या बसमध्ये चढलो. जागा त्या दोघांच्या मागच्याच बाकावर मिळाली. आवळ्यांचा कागद मांडीवर ठेवला. त्याचा आंबट वास येत होता आणि त्याखाली, असू शकत नाही हे ठाऊक असून, कापराचा.

नदीचा पूल ओलांडल्यावर कंडक्टर तिकिटं फाडत मागे आला. मी येरमगट्टा म्हणालो. त्याने माझा सदरा, चष्मा, डबा, सगळं पाहून घेतलं. "येरमगट्टा? तिथी कोनाकडे जाता, बाबा?"

मला एकही नाव घेता येईना. क्षणभर वाटलं, मान हलवावी आणि चंद्रपूर म्हणावं.

"सगळ्यायकडे," मी म्हणालो. "एक गोष्ट सांगाची हाये."

पुढच्या बाकावरचे दोघे बोलायचे थांबले. मग ते दोघंही मागे वळले आणि माझ्या मांडीवरच्या कागदाकडे, आणि मग माझ्याकडे, हा म्हातारा तिथे काय खणायला निघाला आहे अशा नजरेने पाहू लागले.